सासूपणाचा डाव

पिंपळगाव राजाची निदान अर्धा एकर माती माझ्या पोटात आहे आणि ती मला माझ्याच वयाच्या एका पोरीनं खाऊ घातली. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. मला ती अजून पचायची आहे.

महाराष्ट्र तेव्हा नवा-नवा झाला होता. शाळेत प्रत्येकीला एकेक पेढा मिळाला. गुरुजी म्हणाले, आता आपलं राज्य आलं. घरी येऊन पाहिलं तर विहिरीवर आम्हीच, शेण आमच्याच हाती आणि राज्य कुठं दिसेना. मग आम्ही आमचं वेगळं राज्य मांडलं, पाटलाच्या ओट्यावर.

उन्हाळ्याची दुपार. ऊन असं की सरड्यानं एका पायावर उभं राहून दुसरा गार करावा. मोठी माणसं जेवून आडवी झाली की आम्ही पाचजणी ओट्यावर जमायचो. पाटलाची पोर, शिंप्याच्या दोघी बहिणी, गुरुजींची अगदी बारकी लेक आणि मी, म्हणजे कापसाच्या मापाऱ्याची मुलगी. फरशीवर कोळशानं चैत्र ते फाल्गुन अशी बारा घरं आखायची. चिंचोके फोडून दगडावर घासले की एक बाजू पांढरी, एक काळी. ते हातात खुळखुळवून टाकायचे. पांढरे जास्त पडले तर त्या महिन्यातलं काम निभावलं, घर पुढं सरकलं. काळे जास्त पडले तर घागर फुटली, दूध उतू गेलं, नाहीतर मांजरानं लोणी खाल्लं.

नुसतं घर सरकवून भागत नसे. घागर फुटली तर घागर फुटलेल्या सुनेसारखं रडायचं आणि सासूनं सासूसारखं बोलायचं. आमच्यातली प्रत्येक जण घरी आपापल्या आईला पाहून शिकून आलेली. त्यामुळे रडणं पहिल्या दिवसापासून उत्तम जमत होतं.

सुरुवातीला सगळ्या सुनाच. दुसरं सोंग एकटीला मिळत नसे. सगळ्या घरानं मिळून चांगलं वर्ष काढलं की एक सोंग खुलायचं. अशी आम्ही मोठी जाऊ मिळवली. मग एक विधवा आत्या मिळवली. तिला काम नसे, नुसतं कोपऱ्यात बसून कुरकुरायचं. त्या कुरकुरीसाठी शिंप्याच्या बहिणी एकमेकींचे केस उपटायच्या.

सासू मात्र पहिल्या दिवसापासून पाटलाची पोर. ओटा तिचा, कोळसा तिच्या चुलीतला, चिंच तिच्या परसातली. ती गोणपाटावर मांडी घालून बसायची आणि आम्ही खाली फरशीवर.

"काऊन वं, तुह्या बापानं दिवाळीले लुगडं धाडलं का मच्छरदानी?" ती मला म्हणायची. माझा फ्रॉक खरंच विरलेला असे. बाकीच्या हसायच्या. डावात सासूच्या बोलण्यावर सुनांनी हसायचं असा काही नियम नव्हता, तरी हसायच्या.

मग भाकरी. मी मातीची भाकरी थापायची आणि ती म्हणायची, "मीठ बराबर पडलं का पाह्य. घास घे."

"मातीची हाय ना वं."

"माह्या घरात भाकरीले माती म्हंते? दोन घास घे."

मी घ्यायचे. न घेतला तर डावाबाहेर. आणि डावाबाहेर म्हणजे घरी बारक्या भावाला कडेवर घेऊन गावभर हिंडणं. त्यापेक्षा माती गोड होती.

सासू बदलायचा नियम होता. तिनंच केलेला. सगळ्या सुना घरात असताना फाल्गुन ओलांडला तर सासूनं गोणपाटावरून उठायचं आणि सुना आपापले चिंचोके जिच्या हातात ठेवतील ती नवी सासू. नियम दिसायला न्यायाचा. पण फाल्गुन आला की ती कुणातरी सुनेला नाव ठेवायची आणि माहेरी धाडायची. तिचं माहेर म्हणजे ओट्याची खालची पायरी, सगळं ऊन अंगावर घेणारी. तिथं एक सून बसली की घरात सुना पुऱ्या नाहीत. वर्ष निघून सोंग खुललं तरी सासू तीच. पुन्हा चैत्र.

गुरुजींच्या लेकीला तिनं इतक्यांदा माहेरी धाडलं की त्या पायरीवर पोरीच्या बुडाचा ठसा उमटला होता, असं मी सांगत असते, आणि ऐकणारा कधी पिंपळगावला जात नाही हे माझं नशीब.

मला सासू व्हायचं होतं. बाकी कशाची भूक नव्हती. जेवताना, झोपताना, पाढे म्हणताना मी पाटलाच्या पोरीला भाकऱ्या खाऊ घालत होते. चिकणमातीच्या, खड्यांसकट, वरून ठेचा म्हणून विटांचा चुरा.

आमच्याकडं सून माहेरी एकटी जात नाही. तिला न्यायला माहेरचा कुणीतरी येतो, भाऊ नाहीतर चुलता. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आल्याशिवाय सुनेनं उंबरठा ओलांडला तर दोन्ही घरांचं नाक जातं. आमच्या डावातही मुऱ्हाळी होता. कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीला लाल चिंधीचा पटका बांधलेला. सासू तो सुनेच्या हातात द्यायची आणि सून त्याच्यामागं पायरी उतरायची. त्या काडीवाचून आजवर कुणी उतरलं नव्हतं.

एक दिवस डाव मांडताना मी त्या मुऱ्हाळ्यावर बसले. फ्रॉक पसरून, अगदी घरंदाज बाईसारखी. काडी टोचत होती. मी हललेसुद्धा नाही.

त्याआधी मी विहिरीवर प्रत्येकीला वेगळं गाठलं होतं. शिंप्याच्या थोरलीला सांगितलं, मी सासू झाले तर कुरकुऱ्या आत्याचं सोंग कायमचं तुझं. धाकटीलाही तेच सांगितलं. गुरुजींच्या लेकीला म्हटलं, तुला मी माहेरी कधीच धाडणार नाही. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी तिला गाव इनाम दिलं.

चिंचोके त्या दिवशी भराभर पांढरे पडत गेले. फाल्गुन आला. पाटलाच्या पोरीनं गुरुजींच्या लेकीकडं बोट केलं.

"हे सून लय उलटी बोलते. जाय माहेरी."

पोर एक शब्द बोलली नव्हती. सवयीनं ती उठायला लागली. मी तिच्या परकराची कड धरली.

"मुऱ्हाळी कुठी हाय?" मी विचारलं.

सासूनं गोणपाट उचललं, मागं पाहिलं, कोनाड्यात हात घातला.

"एकटीच जाईन ते. पायरी तं हाय."

"एकटी?" शिंप्याची थोरली म्हणाली. तिचा स्वर तिच्या आईचा होता. "लोक काय म्हंतीन वं? सुनेले हाकलली म्हंतीन."

"आमच्या घरी नाही चालत असं," धाकटी म्हणाली.

पाटलाच्या पोरीचं तोंड उतरलं. तिच्याही घरी चालत नव्हतं. तिची वहिनी, न्यायला तिचा भाऊ येत नाही म्हणून, दोन दिवाळ्या सासरीच होती, हे सगळ्या गावाला ठाऊक. चिंचोके पडले, फाल्गुन ओलांडला. एकेकीनं आपला चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. गुरुजींच्या लेकीनं सगळ्यांच्या आधी.

मी उठले, काडी फ्रॉकाखालून पायानं कोपऱ्यात ढकलली आणि गोणपाटावर जाऊन बसले. तिथून पाटलाचं अंगण वेगळंच दिसत होतं. मी ओली माती हातात घेतली.

"ये वं सूनबाई," मी म्हटलं. "बस खाली."

पाटलाची पोर बसली नाही. ती घरात गेली, आजीचा पाट घेऊन आली, माझ्या गोणपाटाच्या वरच्या अंगाला मांडला आणि त्यावर पाय लांब करून बसली.

"सून कायले? सासू उठली म्हंजे मेली का?" ती म्हणाली. "आता मी आजेसासू."

"असं सोंग आपल्या डावात नाही."

"तुह्या घरी हाय का नाही?"

होती. शिंप्याच्या घरीही होती, गुरुजींच्या घरीही. सगळ्यांच्या डोक्यावर एकेक म्हातारी बसलेली होती आणि तिच्यापुढं आमच्या आयांच्या सासवा मान खाली घालत. मी बाकीच्यांकडं पाहिलं.

"हाव, असते," शिंप्याची थोरली म्हणाली. "घरानं वर्ष काढलं ना. मंग खुललं नवं सोंग."

वर्ष आम्ही काढलं आणि सोंग तिचं खुललं. एकीलाही त्यात वावगं वाटलं नाही.

"सूनबाई," पाटाकडून आवाज आला, आणि सूनबाई म्हणजे मी, "पाय चेप. अन् सासूपणा मिरवू नोको. मले समजलं तं उतरवून देईन."

मी माती खाली ठेवली आणि तिचे पाय चेपायला लागले. टाचा अशा की त्यावर विळा घासावा. शिंप्याच्या दोघी तोंडाला पदर नसताना पदर लावून हसत होत्या. गुरुजींची लेक तेवढी हसत नव्हती. ती माझ्याकडं त्याच नजरेनं बघत होती, विहिरीवर बघितलं होतं त्या.

"काऊन बसली वं नुसती?" मी तिला म्हटलं. पाय चेपता चेपताच. "तोंडाकडं काय पाहून राह्यली? आजेसासूचे पाय दुखतात. कोमट तेल आन, नाहीतर मुऱ्हाळी सापडलाय."

ती उठली. परकर सावरला आणि तेल नसलेल्या घरात तेल शोधायला गेली.