कपितोलिना मावशीचं घर सरकलं तो दिवस

१९३९ साली मॉस्कोत रस्ते रुंद करायचा नुसता धडाका चालला होता. कपितोलिना सुईणीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना राजवाड्यांच्या तोडीच्या दगडी इमारती उठणार होत्या आणि तिची चार मजली चाळ नेमकी मधे येत होती. ती पाडायची नाही, असं ठरलं. रुळांवर चढवून पन्नास मीटर मागे सरकवायची, तीही माणसांसकट!

"कपातला चहासुद्धा हिंदकळणार नाही, मावशी," तरुण इंजिनियर झाखार छातीठोकपणे म्हणाला.

"आणि घर कोसळलं तर?"

"तर मी घराखालीच उभा असणार."

"हे बरं केलंस. आता येईल मला झोप," मावशी म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी पोलादी दोर ताणले गेले. समोर ही गर्दी! तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी धापा टाकत वर आली. "मावशी, चल गं! आमच्या रिम्माला कळा सुटल्यात!"

मावशीनं कात्री घेतली, चादरी उचलल्या नि ती जिना उतरली.

"मावशी, घर हलतंय का हो?" रिम्मानं दात आवळत विचारलं.

"तूच हलतेयस. घर शहाण्यासारखं गप आहे."

पण खिडकीबाहेरचं लिंडनचं झाड हळूहळू पुढे निघालं होतं! मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षं तिनं ते झाड जागच्या जागी पाहिलं होतं.

बाळंतपणाची बातमी खाली पोचली. "मावशी, थांबवू का काम?" झाखार ओरडला.

मावशीनं खिडकीतून डोकं काढलं. "थांबलास तर बघ! इथे बाळ थांबायला तयार नाही, आणि तू थांबतोस?"

गर्दी खो खो हसली. घर सरकत राहिलं.

दुपारी, निम्मी वाट सरली तेव्हा, मुलगी झाली. तिचा पहिला टाहो ऐकताच कामगारांनी टोप्या हवेत उडवल्या.

जन्मनोंदणीच्या कारकुनानं विचारलं, "पत्ता जुना लिहू की नवा?"

"वाटेतला लिही," मावशी म्हणाली. त्यानं हसत नवा लिहिला.

संध्याकाळी घर नव्या पायावर टेकलं. मावशी जिना उतरून घराच्या जुन्या जागी गेली. तिला वाटलं होतं, रडू येईल. पण समोर एवढा रुंद रस्ता आणि एवढं मोठं आकाश उघडलं होतं, की रडायचं विसरून तिनं शेजारी उभ्या झाखारचा हात धरला नि त्याला कोबीची कचोरी खायला वर ओढत नेलं.