मामांची अडलेली ढेकर

सोड्याची बाटली फसफसली की लातूरची ती दुष्काळातली दुपार आठवते. पित्त वर येऊ नये म्हणून नांदेडला ऑपरेशन करून मामा थेट आमच्याकडं आले. टँकर आला नव्हता, म्हणून आईनं पाण्याऐवजी सोडा दिला. "पी दादा, एक ढेकर आली की लई मोकळं वाटंल." मामांचं पोट टम्म फुगलं, पण ढेकर येईना, उलटीही होईना. त्यांचे डोळे पांढरे झालेले पाहून मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. फोनवर डॉक्टर ओरडले, "सोडा कुणी दिला? ऑपरेशनमध्ये जठराचं तोंड वरून आवळलंय, आता ढेकर येणार नाही. चालवा त्यांना, हवा खालूनच जाईल." आम्ही दोघींनी त्यांना धरून अंगणात फिरवलं. अखेर मामा थांबले, "सुटलं गं माय," म्हणाले आणि आई तिथंच बसून रडली. आजही ऑपरेशन झालेला पाहुणा आला की मी आधी विचारते, ढेकर येते का, पाणी नंतर.