चिकूच्या सालीत बोंबील

पुण्याहून आलेल्या क्लायंटने बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच घट्ट लावून टाकलं.

"मॅडम, हे चिकूचंच आहे ना?"

"सालीचं," मी म्हणाले.

"मग यात बोंबील कुठून आला?"

तारापूर एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मी आर अँड डी पाहते. चिकूचा पल्प काढला की साल उकिरड्यावर जाते. तिच्यात पॉलिफेनॉल असतात. क्रीममधलं तेल लवकर खवट होऊ न देणारी द्रव्यं. साल वाळवून अल्कोहोलमध्ये भिजवायची, मग अल्कोहोल उडवून अर्क दाट करायचा. क्लायंटला तो फेस क्रीमसाठी हवा होता. त्याने नाही म्हटलं तर प्रोजेक्ट बंद, असं एमडींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिलं सॅम्पल आमच्या ड्रायरमध्ये वाळवलेल्या सालीचं होतं. ते पास झालं. मोठ्या लॉटच्या वेळी एमडी म्हणाले, "एवढं ऊन फुकट पडतंय, वीज कशाला जाळता?" त्यामुळे साल वाळवूनच पाठवा, असा निरोप जवळच्या पाम गावाला गेला. तिथल्या सुमनताईंच्या पल्प युनिटमधून ती यायची.

क्लायंटसमोरच ताईंना फोन लावला.

"ताई, साल कुठे वाळवलीत?"

"दांडी गावाला, बहिणीकडं. मोठा ओटा हाय तिचा."

"कसला ओटा?"

"मासळी सुकवायचा. पण धुऊन घेतला हाय, मॅडम. दोनदा! तसाच नाय वापरला."

ओली साल सुकताना आजूबाजूचा वास धरते. अल्कोहोलने पॉलिफेनॉलबरोबर तोही ओढून घेतला. अर्क दाट केला, वासही दाट झाला.

ऑपरेटरला विचारलं, "लॉट चालू असताना वास नाही आला?"

"आला ना. आमी म्हटलं, पश्चिमेचा वारा हाय, कोळीवाड्याकडनं येतोय."

माल तपासणाऱ्या क्यूसीलाही आला होता. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि टेस्टिंग पूर्ण केलं.

एमडींनी रिपोर्ट पुढे सरकवला. "पॉलिफेनॉल बघा, मॉइश्चर बघा. सगळं पास आहे."

"साहेब, बायका रिपोर्ट तोंडाला लावत नाहीत," क्लायंट म्हणाला.

तो लॉट रद्द झाला. बरीच मनधरणी केल्यावर आणखी एक संधी मिळाली. साल पुन्हा ओली यायला लागली, ड्रायर सुरू झाला आणि पुढचा लॉट पास झाला. विजेवरून एमडींची कुरकुर चालूच आहे.

अर्काच्या तपासणीत आता 'वास' हाही मुद्दा आहे. तेवढी एक तपासणी पुण्यात होते. वास आम्हालाही येतो. पण तो कुठून येतो, हे आम्ही आधीच ठरवलेलं असतं.