ग्लेनिस आणि माझं 'सगळीकडे'

ग्लेनिस रापाता आमच्याकडे आली तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. त्याआधी वीस वर्षं डनीडनच्या एका ग्रंथालयात काउंटरवर बसलेली. आमची कंपनी चौघांची. प्रोग्रामर लोकांना त्यांचा कोड तपासून, त्याचे तुकडे जोडून चालण्याजोगा करून देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. चाचणीचं काम तिचं. नियोजनाचं माझं, निदान दारावरच्या पाटीप्रमाणे.

नियोजन मी एका दुपारी उरकलं. फळ्यावर विंडोज, मॅक, लिनक्स लिहिलं, प्रत्येकाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या लिहिल्या आणि सगळ्यांपुढे एकच तारीख टाकली: तीन जून. अक्षर इतकं छान आलं होतं की मी फोटोही काढला.

"विंडोजवर चालवून बघितलंय कोणी?" ग्लेनिसने विचारलं.

"त्यात बघायचं काय? कोड एकच आहे. सगळीकडे चालतो."

"सगळीकडे म्हणजे कुठे रे, अ‍ॅलस्टर? पत्ता सांग, मी जाऊन येते."

बाकीचे दोघे हसले. मीही हसलो. विनोद माझ्यावर असला की मला जरा उशिरा कळतं.

ऑफिसात विंडोजचं एकही मशीन नव्हतं. तिने मागितलं, मी म्हटलं, पुढच्या तिमाहीत बघू. मग ती रोज जेवणानंतर फोन घेऊन बसायला लागली. आमच्याकडे आधीच नाव नोंदवलेले एकसष्ट जण होते. एकेकाला विचारायची, "तुम्ही कशावर काम करता? आणि तुमच्या शेजारचा?" मला वाटायचं, बाई गप्पा मारत बसलीय.

तीन जूनला सकाळी दहाला आम्ही सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. साडेदहाला इन्व्हरकारगिलहून फोन, पाठोपाठ टिमारूहून. विंडोजवर ते उघडतच नव्हतं. ग्लेनिसने त्याच सकाळी मुलीकडून मागून घेतलेला जुना विंडोज लॅपटॉप गाडीतून आणला आणि दहा मिनिटांत दोष काढला. एका फोल्डरला मी 'ऑक्स' (aux, 'ऑक्झिलरी'चं लघुरूप) असं नाव दिलं होतं. ते नाव विंडोजने फार पूर्वीपासून स्वतःसाठी राखून ठेवलंय, दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही.

"हे बारसं कोणी केलं?"

"मी. आटोपशीर वाटलं."

"छान. पुढच्या वेळी आत्याला बोलवत जा."

मग तिने वही उघडली. एकसष्टपैकी चव्वेचाळीस विंडोजवाले, तेरा लिनक्सवाले, मॅकवाले चार. ऑफिसात सगळं तपासलं गेलं होतं ते फक्त मॅकवर, आणि त्या चौघांतला एक महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. माझे कान तापले. फळा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला.

तिने लिहिलं: विंडोज आधी, रोज चालवून बघायचं. लिनक्स सप्टेंबरात. मॅकवर चाललं तर चाललं, हमी नाही. जुन्या आवृत्त्या: नाही. 'नाही' हा शब्द माझ्या नियोजनात पहिल्यांदाच आला होता.

चव्वेचाळीस जणांची माफी मात्र मीच फोनवर मागितली. टिमारूच्या माणसाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. आता त्या बाईंना द्या फोन."

विंडोजचं काम पंधरा दिवसांत मार्गी लागलं. लिनक्सचं ऑक्टोबरात, म्हणजे उशिराच. तोवर सात जण सोडून गेले होते, त्यातले दोघे परत आले. माझ्या टेबलावर हल्ली विंडोजचं मशीन असतं. त्यावर कॉपी कुठल्या बटणाने होते, हे मी अजूनही शेजारच्याला विचारतो.