पाण्यातल्या कोबीची चराई

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. माझे मामा चकलांब्याहून गेवराईला आमच्या घरी राहायला आले ते काही स्वतःच्या मर्जीनं नव्हे. गावात एकटेच असायचे. एक दिवस गोठ्यात पाय घसरून पडले. शेजारची बाई ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तसेच पडून राहिले असते देव जाणे. मग माझ्या नवऱ्यानं म्हशी विकायला लावल्या, शेळ्या चुलतभावाच्या दावणीला बांधल्या आणि बापाला जीपमध्ये घालून इथं आणलं. तेव्हापासून मामा आमच्या घरात असे बसायचे, जसं माणूस स्टँडवर लागणाऱ्या गाडीची वाट बघत बसतं. कपडेसुद्धा कपाटात ठेवू द्यायचे नाहीत.

ज्यानं सगळा जन्म कुणाला ना कुणाला खाऊ घालण्यात काढला, त्याच्या हाताला काम नसलं की घरातली एकही वस्तू सुखानं राहत नाही. माझ्या तुळशीला त्यांनी उसाला घालतात तेवढं खत घातलं. तुळस गेली. मी म्हणाले, मामा, तुळस गेली. ते म्हणाले, "तिला कमीच पडलं असंल."

यानंतर त्यांची नजर माझ्या हौदावर गेली.

आमच्या परसात सिमेंटचा हौद आहे, पूर्वी पाणी साठवायचा. घरात नळ आल्यावर नवरा तो फोडायला निघाला होता. मी फोडू दिला नाही. त्यात तांबडे-सोनेरी मासे सोडले आणि माशांना सावली हवी म्हणून पाण्यावर तरंगणारी झाडं आणून टाकली. दिसायला कोबीच्या लहान गड्ड्यासारखी, खाली दाढीसारखी मुळं लोंबणारी. जलकुंभी म्हणतात म्हणे. आम्ही कोबीच म्हणतो. आमच्याकडच्या उन्हात दुपारी मासे या कोबीखाली लपून बसतात, आणि मी मशीनवर ब्लाऊज शिवत खिडकीतून त्यांच्याकडं बघत बसते. तेवढीच माझी मालमत्ता. एरवी घरातलं सगळं सगळ्यांचं असतं, हौद माझा होता.

त्या वर्षी कोबी पिवळी पडायला लागली. आधी कडेची पानं, मग आतली. नवे फुटवे येईनात. मामांनी हौदाच्या काठावर बसून एक पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगितलं, "उपाशी हाय."

"कोण?"

"ही. कावून पिवळी पडली? पोटाला न्हाई काही."

निदान बरोबर होतं, ते मी नाकारत नाही. भानगड औषधाची झाली. गावाकडं म्हशींना खुराक म्हणून मामा अझोला वाढवायचे. खड्ड्यात ताडपत्री अंथरायची, पाणी सोडायचं, शेणकाला ओतायचा, वर सुपर फॉस्फेट भुरभुरायचं, की हिरवीगार शेवाळासारखी गादी पाण्यावर पसरते. आमच्या भागात पुष्कळ जण करतात. तेव्हा पाण्यावर तरंगणारं झाड म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटलेलाच होता. फरक एवढाच की अझोल्याच्या खड्ड्यात कुणी राहत नसतं.

मी बाजारात गेल्याचा मोका साधून त्यांनी शेजारच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं, कालवलं आणि ओतलं हौदात. मी परत आले तर पाणी चहासारखं, आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा गिळतायत. मामा काठावर खुशीत बसलेले. "बघ," म्हणाले, "कसे आनंदानं वर आले."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पदर खोचला, मासे चाळणीनं टिपून टिपून पाण्याच्या पिंपात घातले, हौद उपसला, घासला. तोंडाचा पट्टा चालूच होता. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामाही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. "माझ्या म्हशी कधी मेल्या का? न्हाई ना? मग?" पण संध्याकाळी पिंपातला एक सोनेरी मासा उलटा झाला. मामांनी तो तळहातावर घेतला. नंतर कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला, माझ्याकडं न बघता.

रात्री जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मला गावाकडं सोड. हितं माझ्या हातानं जितं जनावर मरायलंय."

गावाकडं म्हणजे त्याच घरात, त्याच गोठ्यात, एकटं. मला राग खूप होता, पण ते पुन्हा तिथं पडले आणि कुणी ताक मागायला आलं नाही तर, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. पण मामांनी गावाकडचा विषय लावून धरला. येत्या लग्नसराईत पुतण्याच्या पोरीचं लग्न होतं, "त्या लग्नाला गेलो की तिकडंच राहीन," असं ठरवून टाकलं.

तर असा वायदा डोक्यावर. आणि कोबी अजून पिवळीच.

मासे विकणारे चाचा बाजारात काचेच्या टाक्या मांडून बसतात. त्यांना विचारलं. ते हसले. "भाभी, हौदात पाणी लई आन मछली थोडी. मछलीच्या घाणीवरच झाड पोसतंय, ती पुरंना. खत द्या, पन हौदात न्हाई. झाड भाईर काढा, येगळ्या टबात खताचं पाणी करा, एक दिवस भिजू द्या, साफ धुवा, मग परत सोडा. खत झाडाच्या पोटात जाईल, मछलीच्या न्हाई."

इतकं सोपं! मी घरी येऊन मामांना सांगितलं. ते असे बघायला लागले, जणू मी म्हशीला दूध पाजायचा सल्ला दिला आहे. "झाड जागचं उपटून खत घालतेत का कुटं? खामखा शानपना."

आणि दोनच दिवसांत मला न्हाणीमागं धुण्याच्या दगडाच्या आडोशाला एक प्लास्टिकचा डबा सापडला. उघडून बघितलं, युरिया. कुणाच्या तरी शेतातून मागून आणलेला. म्हणजे माझा डोळा चुकवून मूठमूठ हौदात टाकायचा बेत. युरिया पाण्यात पडला तर माशांचं काय होतं ते चाचांनी मला बजावून सांगितलं होतं.

भांडले असते तर मामा त्याच संध्याकाळी चकलांब्याला. न भांडावं तर मासे गेले. मी डबा हातात घेऊन उभी राहिले आणि एकदम मला माझ्या स्वयंपाकघरातला दुसरा डबा आठवला. युरियाचे दाणे कसे असतात? पांढरे, बारीक, गोल. आणि साबुदाणा?

युरिया एका पिशवीत बांधून गच्चीवरच्या पेटीत टाकला, डबा घासून पुसून घेतला आणि त्यात साबुदाणा भरला. अगदी थोडाच, म्हणजे पाणी खराब व्हायला नको. आणि खिडकीतल्या मशीनवर जाऊन बसले.

मामा आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी मान खाली घालून मशीन जोरात चालवली. मामांनी डब्यातली चिमूट काढली, बोटांत जरा चोळली आणि हौदात टाकली. मासे धावले. त्यांनी दाणे गपागप खाल्ले. मामांनी अजून एक चिमूट टाकली. मासे अजून धावले. मला हसू इतकं आवरेना की मी ब्लाऊजच्या बाहीला उलटी शिवण घातली.

हे रोज चाललं. मामा सकाळी चोरून यायचे, मी चोरून बघायची, मासे उघड उघड खायचे. डबा संपत आला की मी गुपचूप भरायची. एक मोठा तांबडा मासा तर मामांची चाहूल लागली की काठाशी येऊन उभा राहायला लागला. मामा त्याच्याशी बोलायचेसुद्धा. मी नवऱ्याला सांगितलं, तुमचे वडील माशांना युरिया चारतायत आणि मासे बाळसं धरतायत. तो घाबरून उठलाच, मग साबुदाण्याचं सांगितल्यावर पाणी पिताना त्याला ठसका लागला.

मग आली एकादशी. मी साबुदाण्याचा डबा उघडला तर तळाला जेमतेम मूठभर. खिचडी नवऱ्याला आणि मामांना चमचा चमचा वाढली, वर भगर. मामांनी ताटाकडं बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, आपल्या वाटणीचं बी त्या तांबड्याच्याच पोटात गेलं म्हनायचं."

मी भगर वाढता वाढता थांबले. "म्हंजी?"

"युरिया हाताला गार लागतोय. चोळला की वलसर व्हतोय. पैल्याच दिशी कळलं मला."

"मग रोज कावून टाकत व्हता?"

"ते येत व्हते ना वर," मामा म्हणाले. "आन तू बी मशीनवर बसून लई हसत व्हतीस. म्हनलं, हसू दे."

आम्ही तिघंही हसलो, मामा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त. इतक्या महिन्यांत त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना बघितलं. मला फार बरं वाटलं, आणि आपण फसवले गेलो याचा थोडा रागही आला.

त्या हसण्याच्या नादात मी मोका साधला. म्हणाले, "मामा, तुमी शेळ्यांना गोठ्यातच चारा टाकत व्हता का?"

"छ्या. चरायला न्यायचो की रानात."

"मग कोबीला बी चरायला न्या. टब म्हंजी रान. चरून झालं की वढ्यावर धुवायचं आन सांच्याला घरी आणायचं."

मामा भगरीचा घास हातात घेऊन विचारात पडले. "असं सांगायचं ना मग," म्हणाले. "त्या दिशी नुसतं टब टब करत व्हतीस."

तेव्हापासून परसात चराई सुरू झाली. जुन्या टबात पाणी, त्यात ते द्राक्षाला आणि डाळिंबाला पाजतात ते एकोणीस-एकोणीस नावाचं विरघळणारं खत, तेही चिमूटभरच. मामांचा हात ओंजळीकडं जायचा, मी खाकरले की चिमटीवर यायचा. अर्धीच कोबी बाहेर काढायची, अर्धी हौदात ठेवायची, म्हणजे माशांची सावली जात नाही. टब वळचणीला, नाहीतर ऊन लागून पानं भाजतात. दुसऱ्या दिवशी मुळं साध्या पाण्यात धुवायची, पुन्हा दुसऱ्या पाण्यात धुवायची, मग हौदात. टबातलं उरलेलं पाणी कढीपत्त्याला, चुकूनही हौदात नाही. धुण्याच्या बाबतीत मामा माझ्यापेक्षा कडक निघाले. एकेका झाडाची मुळं म्हशीची शेपटी धुवावी तशी बोटांनी विंचरून काढायचे. कोबीला मधोमध पोपटी फुटवे आले, मग कडेनं पिलं सुटली, आणि पिलं दिसल्यावर मामा शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागले.

मला वाटलं, जिंकलो. पण लग्नाची तारीख आली तसे मामा नवं धोतर नेसून जीपमध्ये बसले. परत कधी येणार ते बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर काय करायचं?

लग्न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मामांचा फोन आला. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "तुमची मर्जी, दादा," आणि फोन माझ्या हातात दिला. हळूच म्हणाला, पुतण्या शेळ्या सांभाळायला ठेवून घेतोय, राहतो म्हणतायत.

शेळ्या पुतण्याच्या दावणीला, पण घर तेच, एकट्याचं. मला रडू आलं. रडत परत या म्हटलं असतं तर सून रडते म्हणून ते हसले असते.

"राहा की," मी म्हणाले. "हितली फिकीर करू नका. तुमी जाताना टबात ठिवलेली कोबी हाय ना, ती आता तशीच टाकते हौदात. धुवायचा कंटाळा आलाय."

"धुतल्याबिगर?"

"काय व्हतंय त्याला? आन टबातलं पानी बी हौदातच वतते. वाया कावून घालवायचं?"

"सूनबाई," मामांचा आवाज चढला, "हात लावू नको. कशाला बी हात लावू नको. म्या निघालो."

दुपारी काळीपिवळी कोपऱ्यावर थांबली आणि मामा चपला न काढता घरातून सरळ परसात गेले. हौदावर कोबी हिरवीगार तरंगत होती. पाणी नितळ. टब पालथा. त्यांनी एक झाड उचललं, मुळं बघितली, वास घेतला.

"धुतलीस."

"व्हय."

"कवा?"

"तुमी गेलता त्याच्या दुसऱ्याच दिशी."

मामा काठावर बसले. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण ते पाण्याकडं बघत म्हणाले, "तुझा नवरा म्हनला, तुमची मर्जी. मर्जी पाव्हण्याची इचारतेत, पोरी. म्या फोन केलता तो परत या म्हनतंय का कोन, ते बगाया."

मी ओरडले, "आधी चपला काढा! सगळं घर घाण केलं."

त्यांनी चपला काढल्या. मग विचारलं, "मासे उपाशी हायेत का?"

सकाळीच पोटभर घातलं होतं.

"उपाशीच हायेत," मी म्हणाले, आणि आत जाऊन त्यांना चिमूटभर साबुदाणा आणून दिला.