माफी मी परत घेतली

"हात पुढे कर," पास्टर म्हणाले.

मी हात पुढे केला. समोर त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. शेठ. आदल्याच आठवड्यात याच इमारतीच्या जिन्यात त्याने मला भिंतीशी दाबून धरलं होतं, नको तिथे हात घातला होता. आता तोच हात त्याने माझ्या हातात दिला. घामेजलेला होता. पास्टरांनी माईक माझ्या तोंडाशी धरला.

"बोल बेटा, मी माफ केलं."

"मी माफ केलं."

टाळ्या. कोणीतरी हालेलुया म्हटलं. आई पहिल्या सतरंजीवर बसून रडत होती. मला रडू आलं नाही. रागही आला नाही. पंख्याच्या पात्यांना जरीचा कचरा चिकटलाय, एवढंच दिसत होतं.

पांडेसऱ्यातल्या या इमारतीत खाली शेठचं खातं, म्हणजे भरतकामाच्या मशिनींचा कारखाना. वरच्या हॉलमध्ये रविवारची प्रार्थना. हॉल त्याने फुकट दिलेला. मी आणि आई त्याच खात्यात साड्यांचे लोंबते धागे कापायचो. प्रार्थनेला येणाऱ्या निम्म्या बायका तेच करायच्या. मग तोंड कोण उघडणार?

मी उघडलं. पास्टरांकडे गेले, कारण ही माणसं मला आपली वाटायची. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा डिंडोलीतल्या आमच्या खोलीवर नातलग फिरकले नव्हते. प्रार्थनेच्या मंडळीतले लोक डबे घेऊन यायचे, त्यांच्या उशाशी बसून गाणी म्हणायचे. बाबांना खांदाही त्यांनीच दिला.

पास्टरांनी सगळं ऐकून घेतलं. भावाला बोलावून एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाले, "सैतान मंडळी फोडायला बघतो. पोटात घाल."

घरी आई म्हणाली, "चूप ऱ्हाय पोरी. आपले आठेच ऱ्हानं शे." इथेच राहायचं, म्हणून गप्प राहायचं.

आणि मग तो रविवार.

सोमवारी त्याच जिन्याने कामावर गेले. धागे कापले. शेठ जवळून गेला की कात्री थांबायची, तो गेला की चालायची. जेवण जायचं. झोप लागायची. प्रार्थनेत गाताना फक्त ओठ हलायचे. शेठ मात्र मोकळा झाला. सगळ्यांसमोर माफी मिळालेल्या माणसाला कोण काय विचारणार? एकदा जिन्यात हसून म्हणाला, "हवे तो बधु क्लियर ने, बेन?"

आता सगळं मिटलं ना, म्हणे. आणि बेन, बहीण म्हणाला मला.

वर्ष झालं असेल. नंदुरबारकडून आलेली कविता खात्यात नवी लागली होती. एका रविवारी पास्टरांनी तिला पुढे बोलावलं. शेठ आधीच उभा होता, मान खाली घालून. काय झालं ते कोणी सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. कविताने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

"हात पुढे कर," पास्टर म्हणाले.

ती हलेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्या बहिणीकडे बघ. तिने केलं की नाही माफ?"

सगळ्या माना वळल्या. इतके दिवस जे बधिर पडलं होतं ते एकदम दुखलं. माझी माफी हे लोक दुसऱ्या बाईच्या गळ्यात बांधत होते.

मी उभी राहिले. माईकपर्यंत गेलेच नाही.

"मी माफ केलेलं नाही. तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं. ते मी परत घेते. यानं जिन्यात माझ्या अंगाला हात घातला. तुम्हाला माहीत होतं."

या वेळी टाळ्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "बस खाली." आई उठली. मला वाटलं, आता ही मला खाली ओढणार. ती पुढे गेली, कविताला दंडाला धरलं आणि आपल्याशेजारी आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा तिघींचं काम गेलं. आम्ही चौकीत जाऊन शेठवर फिर्याद दिली. माहीत असून झाकणाऱ्या पास्टरांचं नावही लिहायला लावलं. आता मंडळीतली माणसं पुन्हा घरी येतात, डबा न आणता. म्हणतात, देव क्षमा करतो, तू कोण लागून गेलीस?

देवाने काय करायचं ते देव बघेल. या दोघा भावांना आधी कोर्टात जाब द्यावा लागेल. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर सांगावं लागेल, आम्ही काय केलं ते. तोवर दर रविवारी मी तिथे जाऊन बसणार आहे, पहिल्या सतरंजीवर. हात माझ्या मांडीवरच राहतील.