तिखटमिठाचा डबा आणि कचेरीतली पेटी

तालुक्याच्या कचेरीत मी शिपाई होतो, जुन्या कागदांच्या खोलीत. शिक्षण दुसरी नापास. बस्त्यावरचा आकडा कळायचा, सरकारला तेवढं पुरलं. बस्ते पार छताला टेकलेले. साहेब कानडी, "बेगा बा, बेगा बा", म्हणजे लवकर ये, म्हणून ओरडायचा आणि मी शिडीवर वटवाघळासारखा लटकलेला.

घरी रडगाणं गायलो तर बायको भाकरी थापत म्हणाली, "चिमूटभर हळदीसाठी मी दर बारीला माळ्यावर चढते का? डब्यात काढून चुलीपाशी ठेवते. तुमची कचेरी बायकांच्या हाती द्या म्हणावं."

झोंबलं, पण ऐकलं. स्टुलाखाली पत्र्याची पेटी ठेवली. सारख्या मागतात त्या फायली पेटीत. दहाच मावायच्या. नवी आली की जिला बरेच दिवस कुणी विचारलं नाही ती परत वर. साहेबाची हाक विरायच्या आत फाईल टेबलावर. हेडक्लार्क म्हणायचा, "जिन पाळलास का रे?" मी मिशीला पीळ द्यायचो.

मग संतपूरचा एक शेतकरी आला. विहिरीवर मोटार बसवायची होती, अर्जाचा तो शेवटचा दिवस. जमीन त्याच्या नावावर असल्याची नक्कल पाहिजे होती. मी ऐटीत पेटीतली फाईल काढून दिली, कारकुनानं नक्कल उतरवली. शेतकऱ्यानं ती वाचली.

"अण्णा, माझा बाप मरून तीन वर्षं झाली. तुमच्या पेटीत अजून जित्ताच हाय की."

फेरफाराचा नवा कागद कारकुनानं वरच्या बस्त्यात बांधला होता. माझ्या पेटीत जुनंच. चढलो शिडी. धूळ, झुरळं, साहेबाच्या शिव्या. कागद सापडला, दुसरी नक्कल निघाली, गड्यानं पळत जाऊन अर्जाची वेळ गाठली.

घरी बायको म्हणाली, "नवी हळद आली की डबा आधी पुसायचा. ह्येबी सांगावं लागतं व्हय?"

तेव्हापासून वर नवा कागद आला की पेटीतला आधी बदलायचो.

बायको जाऊन वर्ष झालं. रोज सकाळी माझ्या तोंडातून निघतं, "अगं, माझा चष्मा कुठाय?" सून चुलीपासून विचारते, "मामा, कुणाला विचारायलाव?"

ती गेल्याचा नवा कागद आलाय, मला ठाऊक हाय. ऱ्हाऊ दे वरच. आता मी शिडी चढत न्हाई.